आर्डिथचे सोळा रॉकर

आर्डिथ स्टॉलकपने चर्चच्या जेवणावळीत, बटाट्याच्या सॅलडचा डाव हातात धरून, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "यंदा माझी गाडी दहा सेकंदांच्या आत पळाली नाही, तर हार्लनला विकून टाकीन."

हार्लन म्हणजे तिचा धाकटा दीर, तोही शर्यतीत गाडी पळवणारा. तो टाळ्या वाजवून मोकळा झाला. नवरा वेंडेल मात्र हातातला पाव तसाच धरून बसला, कारण बायको बोललेलं मागे घेत नाही हे त्याला पस्तीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

आर्डिथ एकोणसाठ वर्षांची. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण रांधायची आणि शनिवारी टेनेसीच्या टेकड्यांमधल्या शर्यतीच्या पट्टीवर पाव मैल जीव खाऊन गाडी हाणायची. निळी गाडी, पोटात बिग ब्लॉक, म्हणजे थोराड इंजिन. सहा वर्षं वेळ यायची दहा आणि वर काहीतरी चिल्लर. ती चिल्लर तिच्या डोक्यात गेली होती. म्हणून तिने इंजिन खोललं आणि सगळा हंगाम ते बांधण्यात घालवला. शेवटी प्रश्न उरला रॉकरचा.

रॉकर म्हणजे इंजिनातले सोळा छोटे सीसॉ. एका टोकाला रेटलं की दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबून उघडतं. नव्या रॉकरच्या टोकाला चाक असतं, त्यामुळे घासाघीस कमी. चाकवालेच घ्यायचे यावर घरात एकमत होतं. भांडण होतं आकड्याचं. एक पॉइंट सात की एक पॉइंट आठ? आकडा मोठा, तर व्हॉल्व्ह जास्त उघडणार आणि इंजिन मोठा श्वास घेणार. पण फारच उघडला, तर खालून वर येणारा पिस्टन त्याला धडकणार आणि सगळं इंजिन भंगारात.

"सातचे घे वहिनी," हार्लन म्हणाला. "आठचा हव्यास तुझ्या वयाला शोभत नाही."

तो असं म्हणाला नसता, तर तिने कदाचित सातचेच घेतले असते. आता तिने दुकानदाराकडून दोन्ही खोकी घरी आणली, नको ते परत देण्याच्या बोलीवर.

मग आर्डिथने शाळेतून पोरांची खेळायची माती आणली. पिस्टनच्या डोक्यावर थापली, वर तेलाचं बोट फिरवलं, इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, बसवलं, आठचे रॉकर चढवले.

"फिरव," ती म्हणाली. वेंडेलने लांब पान्याने इंजिन हाताने पुरते दोन फेरे फिरवलं.

"कुठे अडलं?"

"इंजिन नाही गं, माझी कंबर अडली."

हेड काढून तिने केक कापायच्या सुरीने माती चिरली आणि जाडी मोजली. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हखाली माती हवी तेवढी जाड होती. धूर सोडणाऱ्याखाली मात्र पापुद्रा उरला होता, म्हणजे तिथे पिस्टन जवळजवळ टेकत होता. आर्डिथ त्या पापुद्र्याकडे बघत राहिली आणि मग हसतच सुटली.

"दोन्ही लावते! हवेकडे आठ आठचे, धुराकडे आठ सातचे!"

"आणि दुकानदाराला उरलेली खिचडी परत करणार?"

"त्याला घरची गोड पाई नेऊन देईन. पीचची."

दुकानदाराने कपाळाला हात लावला, पण पाई घेतली.

हंगामाची शेवटची शर्यत ऑक्टोबरात आली. या शर्यतीची रीतच तऱ्हेवाईक. आपली गाडी किती वेळ घेईल ते आपणच काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहायचं. हळू गाडीला आधी सोडतात, वेगवान गाडी मागून सुटते. पण लिहिल्यापेक्षा जोरात पळालात, तर बाद! म्हणून शेवटी पुढे असलेला शहाणा माणूस ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो.

आर्डिथ एकेक फेरी जिंकत गेली. दुपारी वेळ आली दहा पूर्णांक तीन शतांश, चार वाजता दहा पूर्णांक एक शतांश. आणि अंतिम फेरीत समोर कोण, तर हार्लन.

ऊन उतरलं होतं, हवा गार झाली होती, आणि गार हवा इंजिनाला मानवते. वेंडेलने पॉलिशची बाटली पुढे केली. "काय लिहू?"

"दहा. वर शून्य, शून्य."

"अगं, म्हणजे दहाच्या आत गेलीस तर हरलीस!"

"आणि नाही गेले, तर गाडी हार्लनच्या अंगणात. लिही तू."

तिला ट्रॉफीही हवी होती, आणि दहा लिहिलं की शेवटी पाय उचलून ती मिळवता येत होती, हे तिने कबूल केलं नाही. हार्लन दीड सेकंद आधी सुटला, मग ती. इंजिन असं गरजलं की आर्डिथ हेल्मेटमध्ये शाळकरी पोरीसारखी किंचाळली. पट्टी संपायला थोडी उरली असताना तिने हार्लनला गाठलं आणि मागे टाकलं. आता पाय उचलला की ट्रॉफी तिची. पाय उचलायचा तिला आयुष्यभराचा सराव होता.

तिने उचलला नाही.

जिंकल्याचा दिवा हार्लनच्या बाजूला लागला. शर्यतीनंतर मिळालेल्या चिठ्ठीवर तिची वेळ होती नऊ पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांश. आर्डिथ गाडीतून उतरली ती नाचतच. वेंडेलला पकडून तिने दोन गिरक्या घेतल्या, कंबरेसकट. हरलेल्या बाईभोवती लोक गोळा झाले आणि जिंकलेला हार्लन ट्रॉफी काखेत मारून एकटाच उभा राहिला.

शेवटी तो आला. चिठ्ठी त्याने दोनदा वाचली.

"पुढे होतीस की. पाय उचलायचा ना वहिनी!"

"नाही उचलला."

हार्लनने चिठ्ठी घडी करून तिला परत दिली. मग म्हणाला, "मी उचलला असता. दर वेळी उचलतो. माझी गाडी किती पळते, मलाच माहीत नाही गं."

आर्डिथचं नाचणं थांबलं. तिला त्याची इतकी दया आली की तिने त्याच्या काखेतली ट्रॉफी काढून वेंडेलच्या हातात दिली आणि दिराचा दंड धरला.

"चल," ती म्हणाली. "तुझं बॉनेट उघड. आधी तुझे रॉकर बघू."