मावशीची फिल्म परत आली

माझ्या मावशीला हट्टी म्हणणं म्हणजे समुद्राला ओलसर म्हणणं. कंपनीने रंगीत स्लाइडची फिल्म बनवणं बंद केलं, त्या दिवशी तिने कॅमेरा पुसला, मऊ कापडात गुंडाळला, कपाटाच्या खालच्या खणात ठेवला आणि जाहीर केलं, "आता फोटो काढीन तर स्लाइडवरच. नाहीतर नाही." सगळ्यांना वाटलं, चार दिवसांचा राग आहे, उतरेल. तो दहा-बारा वर्षं उतरला नाही.

स्लाइड म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. निगेटिव्हवर सगळं उलटं उमटतं, त्यावरून कागदावर फोटो छापतात, आणि छापणारा माणूस आपल्या चुका सावरून घेतो. स्लाइडला सावरणारा कोणी नाही. कॅमेऱ्यात जी फिल्म जाते तीच धुऊन, कापून, छोट्या चौकटीत बसवायची आणि प्रोजेक्टरमधून भिंतीवर पाहायची. उजेड जरा जास्त झाला की चेहरा पांढराफटक, जरा कमी झाला की काळाठिक्कर. मावशीची सगळी नोकरी यातच गेली. कापडाच्या कारखान्यात ती रंगांच्या नमुन्यांच्या स्लाइड काढायची आणि त्या पाहून दूरचे व्यापारी माल मागवायचे. लाल रंग जरा जांभळा दिसला तर गठ्ठेच्या गठ्ठे परत यायचे. तिच्यामुळे कधी आले नाहीत, असं ती सांगते. खरं-खोटं करायची हिंमत आमच्यात कोणाची नाही.

मधल्या काळात काका गेले, म्हणजे तिचा नवरा. शेवटी शेवटी ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायचे, दाढी वाढलेली, मांडीवर रेडिओ. "काढ की एखादा फोटो," म्हणायचे. "फिल्म येऊ दे," ही म्हणायची. आम्ही मोबाइलवर पुष्कळ काढले, हिने एकही नाही. याबद्दल घरात कोणी बोलत नाही. माझ्या मनात मात्र तिचा राग बसला होता, तो मी इथे लिहून ठेवते.

माझी आई तिची थोरली बहीण. मागच्या वर्षी आईच्या हृदयाने एकदा दगा दिला, आणि दवाखान्यातून घरी आल्या आल्या तिने मावशीला बोलावून घेतलं. "माझा एक बरा फोटो काढून ठेव. मी गेल्यावर या पोरीने भिंतीवर ओळखपत्रावरचा लावला, तर मी भूत होऊन येईन. आणि तुझ्याच घरी येईन."

"फिल्म येऊ दे," मावशी म्हणाली. आईने तोंड फिरवलं. त्यानंतर दोघी धड बोलत नव्हत्या.

आणि फिल्म आली.

बातमी आम्हाला कळली ती कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात. दुकानामागे एक खोली आहे. तिथे दर रविवारी फिल्मवर फोटो काढणारी जुनी मंडळी जमतात आणि जगाला नावं ठेवतात. दुरुस्तीवाला स्वतः, एक लग्नाचे फोटो काढणारा, आणि चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर, हे कायमचे मेंबर. मावशी कॅमेरा न धरताही तिथली पुढारी. मी तिला सोडायला जायची आणि तिथेच रमायची. मला वाटलं, आता या खोलीत नाच होईल.

"नाव तेच, माल दुसरा," लग्नवाला म्हणाला. "ते जुने रंग आता होणे नाही, ताई."

"रंग म्हणजे मुळातच नटवेपणा," मास्तर म्हणाले. त्यांनी जन्मभर काळे-पांढरे फोटोच काढले. "बंद झाली होती ते चांगलंच झालं होतं."

दुरुस्तीवाल्याचे डोळे चमकले होते, कारण आता माळ्यावरचे कॅमेरे खाली उतरणार होते. पण त्यालाही धीर नव्हता. "आपल्याकडे धुऊन कोण देणार? आणि पुन्हा बंद केली तर? दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकूनच प्यायला हवं."

मावशी उभी राहिली. "फिल्म मेली तेव्हा याच खोलीत बसून गळे काढत होतात ना? मेलेल्या म्हशीला मणभर दूध! आता म्हैस उठून दारात उभी राहिली, तर हिची शिंगं वाकडी आणि शेपूट आखूड! धुणार कोण म्हणे. मी धुणार. माझी मोरी अजून शाबूत आहे." मग तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "याच भिंतीवर दाखवते. एक रोल. एका गोष्टीचा एकच फोटो, दुसरा काढायचा नाही. बिघडला तर माझा कॅमेरा तुझ्या काचेच्या कपाटात विकायला ठेव."

आता माघार घ्यायला जागाच उरली नाही. तिला ती कधी लागतही नाही.

पहिला फोटो आईचा. आई ठेवणीतले कपडे घालून, पावडर लावून, ताठ बसली. मावशीने उजेड मोजला तो नेहमीसारखा, आपला तळहात आईच्या गालाजवळ धरून त्यावर मीटर रोखून. खटका वाजला. मग आठवडाभर मावशी गावभर हिंडली. पायऱ्या, दोरीवरचे कपडे, सायकलच्या दुकानातली चाकं, न्हाव्याचा आरसा. प्रत्येकाचा एकच फोटो. मी इतक्या वर्षांत तिला एवढी खूश पाहिली नव्हती. साठी उलटलेली बाई जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होती.

शेवटचा छत्तिसावा फोटो तिने दुकानातल्या त्रिकुटासाठी राखून ठेवला होता. रविवारी तिघांना ओळीत बसवलं, खटका दाबला आणि फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढला. तो अडायला हवा होता, कारण रोल संपला होता. तो सरकला. आकडा सदतीसवर गेला. तिने परत ओढला. अडतीस.

असल्या वेळी काय झालेलं असतं, हे त्या खोलीतल्या भिंतींनाही माहीत होतं. रोल भरताना फिल्मचं टोक आतल्या दांड्यात नीट अडकलं नाही, की फिल्म जागच्या जागी राहते आणि आपण हवेत फोटो काढत बसतो. म्हणून खटका ओढताना डाव्या हाताची कळ फिरते का, ते बघायचं. हे मला लहानपणी शिकवलं ते मावशीनेच. घाईघाईत ती स्वतःच विसरली. दहा-बारा वर्षं वाट पाहिलेली बाई आणि तिला एक सेकंद दम निघाला नाही!

मावशीने ती कळ बोटाने फिरवून पाहिली. ती सैल फिरली. तिने सगळ्यांसमोर कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. फिल्मचं टोक जिभेसारखं बाहेर लोंबत होतं.

"अडकलीच नव्हती," ती म्हणाली. "छत्तीस फोटो हवेत काढले."

लग्नवाल्याला हसू आवरेना. "मग ताई, कॅमेरा ठेवायचा का कपाटात?"

"आधी बिघडलेला फोटो दाखव."

"फोटोच नाही तर दाखवू काय?"

"मग बिघडला कुठे?" मावशीने तिथेच टोक पुन्हा अडकवलं, खटका ओढला आणि फिरणारी कळ एकेकाच्या नाकासमोर धरली. "फोटो गेले, फिल्म गेलेली नाही. कोरी आहे अजून. आणि तुम्हा तिघांना आता हिच्यात जागा नाही!"

रस्त्यावर आल्यावर मात्र ती माझा हात धरून चालली. "तुझ्या आईला काय सांगू गं?" एवढंच म्हणाली.

आईला सांगितल्यावर तिने घर डोक्यावर घेतलं. "एकदा बसले, पुरे! मी काय शोभेची बाहुली आहे?" शर्टाला बटण लावत होती, तोंडात दोरा धरून, एक भुवई वर. "नवरा गेला बिनफोटोचा, आता बहीणही तशीच घालव!"

मावशीचा चेहरा पडला. मग तिने तळहात पुढे केला, उजेड मोजला आणि खटका दाबला. कळ फिरली. आई बोलतच होती.

पायऱ्यांपासून आरशापर्यंतचे बाकीचे फोटोही तिने हिंडून पुन्हा काढले, आणि धुण्याचं कामही एकटीने केलं. मोरीत गरम पाण्याची बादली, बादलीत औषधांच्या बाटल्या, हातात तापमापक, दाराला आतून कडी. बाहेर आली तेव्हा फिल्म दोरीवर ओली लटकत होती. मी टाचा उंचावून पाहिलं. छोट्याशा चौकटीत आई होती, तोंडात दोरा धरून भांडणारी. मला रडू आलं.

दुकानाचं शटर दुपारीच खाली ओढलं. आईसुद्धा आली, फुगलेलीच. प्रोजेक्टरचा पंखा घरघरायला लागला आणि आई भिंतभर उमटली. बटण निळं, दोरा पांढरा, भुवई वर.

"थोडी निळसर झाक आहे," मास्तर म्हणाले.

"जुनी जास्त गरम होती," लग्नवाला म्हणाला. पण भिंतीवरून नजर काढीना.

"अगदी अश्शीच आहे मी," आई म्हणाली. "लावा हाच. भांडतेय तर भांडतेय."

मावशीने बटण दाबलं. भिंतीवर नुसता पांढरा चौकोन आला.

"स्लाइड राहिली, ताई," दुरुस्तीवाला हळूच म्हणाला.

"राहिली नाही. ती जागा ह्यांची आहे." प्रोजेक्टरच्या उजेडात तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. "फिल्म बंद झाली, ती कंपनीची चूक. मी फोटो काढला नाही, ती माझी. फिल्मवर ढकलायची नाही."

तो पांढरा चौकोन बराच वेळ भिंतीवर राहिला. माझा राग कुठे गेला कोण जाणे, मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. शेवटी आईच म्हणाली, "पुढची लाव गं."

पुढच्या सगळ्या लागल्या. पायऱ्या, कपडे, चाकं, आरसा. त्रिकुटाने प्रत्येकीला नावं ठेवली आणि प्रत्येक स्लाइड पुन्हा एकदा मागे घ्यायला लावली. कपाटात कॅमेरा ठेवायची गोष्ट कोणी काढली नाही.

शटर वर गेल्यावर मावशीने पिशवीतून नवा रोल काढला आणि तिघांकडे एकेक करून पाहिलं. लग्नवाल्याचे केस किती पिकलेत, मास्तर खुर्चीतून उठताना कसा हात टेकतात, ते मलाही तेव्हाच दिसलं.

"नावं काय ठेवायची ती ठेवा फिल्मला," ती म्हणाली. "रिकामी जागा एकच पुरे झाली मला. पुढच्या रविवारी दाढी करून या."