साडूभाऊंचं वॉरंट

माझ्या थोरल्या साडूंइतका बोलावण्याचा भुकेला माणूस सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा सापडणार नाही. त्यांच्या कुंडल गावात कुणाचं बारसं असो की नव्या बोअरची पूजा, हे पुढच्या खुर्चीवर. आणि लोक त्यांना खरोखरच बोलावतात, हे माझं दुखणं. सासुरवाडीला आम्ही दोघं बरोबर पोचलो, तर सासरे मला "या" म्हणतात आणि त्यांना "या, या, या!" त्या दोन जादा 'या'ंवर मी लग्नापासून जळत आलोय.

एकदा तासगावच्या स्टँडवर आम्ही दोघं उसाचा रस पीत उभे होतो. समोर किल्ल्या बनवणारे एक म्हातारे चाचा बसले होते. गाडीच्या वाटेत बसले म्हणून कुंडलच्याच एका बड्या घरच्या पोरानं त्यांचं सामान उधळलं आणि लोखंडी पान्यानं त्यांचा हात मोडला. हवालदारानं "कुणी पाहिलं?" म्हणताच साडूभाऊ पेला ठेवून पुढं झाले. पाठोपाठ मीही गेलो. मी तर जास्त जवळ उभा होतो! पण हवालदार म्हणाला, "राहू दे, साक्षीदार पुरे झाले."

पुढं कोर्टाचं समन्स आलं. समन्स म्हटलं की लोकांना घाम फुटतो, साडूभाऊंनी त्याला हळदकुंकू वाहून देवापुढं ठेवलं आणि मला फोन केला, "पाव्हणं, सरकारनं बोलावलंय. नाव टाइप केलंय, नाव!" माझं नाव टाइप करून आजवर फक्त लाइटबिल आलं होतं. मी रात्री नीट जेवलो नाही.

आणि तारखेला हे गेलेच नाहीत. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग जामीनपात्र वॉरंट आलं. साडूभाऊंनी पोलिसाला चहा पाजला, पुढच्या तारखेला हजर राहतो असा जातमुचलका लिहून दिला आणि मला ऐकवलं, "समन्स कुणालाबी येतं. वॉरंट यायला माणूस तसा लागतो!" पुढच्या तारखेलाही गैरहजर. तेव्हा कोर्टानं अजामीनपात्र काढलं.

त्या सकाळी मी कुंडलातच होतो. दारात पोलिसांची जीप उभी राहिली, सगळी आळी बाहेर आली, माझी मेव्हणी रडायला लागली. साडूभाऊ मात्र इस्त्रीचा सदरा घालून तयार. "आवं, मी न्हाई येत म्हणतोय! बळंच नेताय व्हय?" असं आळीभर ओरडले आणि पोलिसांच्या आधी स्वतःच जीपमध्ये चढले.

मी मोटारसायकलवरून मागोमाग तासगावला गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात विचारलं, "साडूभाऊ, हे काय नाटक?"

ते हळू आवाजात म्हणाले, "त्या पोराचा बाप रोज घरी येऊन बसायचा. साक्षीला जाऊ नका म्हणायचा. मला गावात ऱ्हायचंय, पाव्हणं. आपल्या पायानं गेलो असतो, तर वैर झालं असतं. आता समद्यांनी बघितलं, कोर्टानं उचलून आणलं. काय विचारायचं ते कोर्टाला विचारा म्हणावं."

न्यायाधीशांनी त्यांना चांगलंच खडसावलं. साडूभाऊंनी हात जोडून ऐकून घेतलं. आधीचे दोन साक्षीदार 'आम्ही पाठमोरे होतो' म्हणून मोकळे झाले होते. हे पिंजऱ्यात चढले, पोराकडं बोट केलं आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. तिकडच्या वकिलानं उलटसुलट विचारलं, पण यांनी एक शब्द मागं घेतला नाही.

पुढं त्या पोराला शिक्षा झाली. गावात साडूभाऊंशी कुणी वाकडं बोललं नाही. उलट "बिचाऱ्याला फरफटत नेलं" म्हणून बारशांची आमंत्रणं वाढली.

पण मला आठवतो तो साक्षीनंतरचा कोर्टाबाहेरचा चहा. चाचा आले, आपल्या वाकड्या हातात साडूभाऊंचा हात धरून उभे राहिले आणि निघून गेले. साडूभाऊंनी कप उचलला, तर तो बशीत खडखडायला लागला. "लय भ्यालो होतो, पाव्हणं," ते म्हणाले. मी कप खालून धरला. ते लहान लहान घोट घेत राहिले. मला त्यांच्या त्या भिण्याचाही हेवा वाटला. इतकं भ्यावं असं माझ्याकडून आजवर कुणी काही मागितलंच नव्हतं.