मुंबईला न जाणारा वर्ग

काही बिघडलं की तंजावूरचे आमचे 'सार' कान धरायचे. स्वतःचेच. उजव्या हाताने डावा आणि डाव्या हाताने उजवा कान धरून मशीनच्या कपाटासमोर खाली वाकायचे आणि पुन्हा उभे राहायचे. तंजावुरात पिळ्ळैयारापुढे, म्हणजे आपल्या गणपतीपुढे, लोक अशाच उठाबशा काढतात. पण यांचं पोट मोठं आणि गुडघे कुरकुरणारे, त्यामुळे एकही बैठक पुरी होत नसे. मग आमच्याकडे वळून म्हणायचे, "चूक माझीच, मा. तुम्ही पहिलं कापी घ्या."

चूक त्यांची क्वचितच असायची. रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडली, तर म्हणाले, "काल त्या माणसांस मी पाणी विचारलं नाही." वीज गेली, तर म्हणाले, "सकाळीं घाईंत निघालों, देवळापुढे थांबलों नाही." पुण्याच्या ऑफिसातल्या एका नवख्या मुलीने भलतंच मशीन बंद केलं आणि दुपारचे सगळे ऑनलाइन वर्ग बंद पडले. मिटिंगमध्ये ती तोंड उघडायच्या आत हे बोलून मोकळे, "मशीनांस नावं मीच ठेवली. एकासारखं दुसरं. ती पोर काय करणार?" ती कॅमेरा बंद करून रडत होती, हे तिनेच मला नंतर सांगितलं. आमचे साहेब मात्र खूश असत. सार मिटिंगला असले की दोषी शोधण्यात वेळ जात नाही, असं म्हणायचे.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. आपण त्याला भला माणूस म्हणतो आणि निवांतपणे सगळं त्याच्या डोक्यावर टाकतो.

तंजावुरात सगळे त्यांना 'सार', म्हणजे सर, म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. आमच्या कंपनीचे तिथले इंजिनिअर, राजवाड्यामागच्या गल्लीत वाढलेले, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. ते मराठी ऐकताना पहिले काही दिवस मला वाटायचं, कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीत म्हणतंय. "साखर होणा काय?" म्हणजे साखर हवी का. "अस्क" म्हणजे सगळं. "मा" म्हणजे अम्मा, कुठल्याही बाईला आदराने. माझं मराठी ऐकून ते उलट हसायचे. "तुम्हां पुण्याच्या लोकांस बस सुटते काय हो? इतकं लोकर बोलतां!" देवनागरी मात्र त्यांना येत नव्हती. हे मी लिहितेय ते त्यांना वाचता आलं नसतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच मला लिहायला धीर येतोय.

आमच्या कंपनीचं काम ऑनलाइन गाणं शिकवण्याच्या अ‍ॅपचं. प्रत्येक वर्गाचा प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट, एका कंटेनरमध्ये बांधलेला असतो. प्रवासाच्या डब्यात लोणच्यापासून चमच्यापर्यंत सगळं असतं, तसं. असे शेकडो डबे मुंबईतल्या मशीनांवर चालायचे. कुठला डबा कुठल्या मशीनवर ठेवायचा, हे मुंबईतलाच एक मुकादम प्रोग्राम ठरवायचा आणि तो एक मोठी क्लाउड कंपनी सांभाळायची. अडचण एवढीच होती की तंजावूरजवळच्या तिरुवैयारुतल्या गुरूचा सूर मुंबईला जाऊन मग तंजावूरच्या शिष्येकडे यायचा. बोलण्यात हा उशीर कळत नाही. एकत्र गाताना मात्र लगेच कळतो, कारण टाळ्या एकावर एक पडत नाहीत.

म्हणून तंजावुरातच दोन मशीनं बसवायची ठरली. त्यांना नोड म्हणतात. हुकूम मुंबईचा, पण काम इथल्या इथे. एका साडीच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. एसी बसवला, इन्व्हर्टर बसवला आणि मशीनच्या कपाटाला सारांनी कुंकू लावलं. पुण्याहून मला पाठवलं होतं ते सारांच्या कामावर देखरेख करायला. देखरेख कसली, दोन महिने मी त्यांच्या घरचं आंबट वरण खाल्लं आणि तारा जोडताना टॉर्च धरला.

त्या दोन महिन्यांत एक नाव सारखं कानावर यायचं, ते म्हणजे अक्का. सारांची थोरली बहीण. तिरुवैयारुत कावेरीजवळ एकट्या राहायच्या आणि आयुष्यभर गाणं शिकवत आलेल्या. गुडघे गेले तशा त्या बाहेर पडेनात. शिष्या नोकऱ्यांना लागल्या. एक ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत, एक कुंभकोणमला बँकेत, बाकीच्या तंजावुरात. म्हणून त्याही आमच्याच अ‍ॅपवर शिकवू लागल्या होत्या आणि रोज फोनला शिव्या घालत होत्या. "मी ताल इकडे घालतें, पोरी तिकडे घालतांत. हें गाणं की भांडण?" शिव्या ऐकून सार अर्थातच अपराधी. जणू मुंबई त्यांनीच एवढी लांब नेऊन ठेवली होती.

पहिला नोड चालू झाला त्या संध्याकाळी आम्ही अक्कांचा वर्ग तंजावूरच्या मशीनवर आणला. अक्कांनी ताल धरला. पलीकडच्या चौघींच्या टाळ्या बरोबर त्यावर पडल्या. अक्कांनी एक आवर्तन पुरं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "आत्ता बरं आलं. कोठं होतांत गं पोरींनो, इतके दिवस?" सार उठून एसीची जाळी पुसायला लागले. एसीची जाळी त्यांनी सकाळीच पुसली होती.

आता त्यांच्या एका हट्टाबद्दल सांगते. नोड बंद पडला तर मुंबईचा मुकादम त्यावरचे डबे उचलून दुसरीकडे चालवतो. साध्या वर्गांना ते चालतं. पण अक्कांच्या वर्गासाठी सारांनी वेगळा नियम घातला की हा वर्ग फक्त तंजावुरातच चालेल, दुसरीकडे कुठेही नाही. मी म्हटलं, "सार, एक वाट उघडी ठेवू या. दुसरा नोड अजून जोडायचाय." ते म्हणाले, "ताल मोडून ऐकूं येण्यापेक्षां ऐकूं न आलेलं बरं. इथलं गाणं मुंबईस जाऊन परत कशास यावं?" इतक्या ठामपणे बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मलाही ते पटलं.

मग अक्कांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन तिरुचीला करायचं ठरलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की जीव वाचेल, पण गाता येईल याची खात्री नाही. अक्कांनी एकच मागणं मागितलं. जायच्या आदल्या संध्याकाळी आपल्या सगळ्या शिष्यांबरोबर एक अख्खं गाणं गायचं. आसपासच्या गावांतल्या जुन्या शिष्यांनाही निरोप गेले. सारांनी दिवसभर मशीनला हात लावू दिला नाही, मलाही नाही.

गाणं सुरू झालं. आम्ही दोघं त्या खोलीत बसून ऐकत होतो. अक्कांचा आवाज किंचित बसलेला, पण ताल अगदी घट्ट, आणि मागून बायकांचे एकत्र सूर. गाण्याचा शेवटचा भाग, म्हणजे चरण, सुरू झाला आणि मशीनमधून हलका कट्ट असा आवाज आला. आतला वीज देणारा भाग जळला होता. गाणं थांबलं. मशीनचे पंखे थांबले. खालून साडीच्या दुकानातलं बोलणं ऐकू येऊ लागलं.

माझ्या लॅपटॉपवर मुंबईकडच्या मशीनांवर हवी तेवढी जागा दिसत होती. अक्कांचा वर्ग मात्र 'जागेची वाट पाहत आहे' एवढंच सांगत होता. जागा होती, पण आमच्याच नियमाने तिथे जायला मनाई होती. मी नियम काढायला लागले. "मी काढितों," म्हणून सारांनी लॅपटॉप ओढून घेतला. पासवर्ड दोनदा चुकला. नियम निघाला, वर्ग मुंबईत उभा राहिला, शिष्यांचे फोन पुन्हा जोडले गेले. एक एक आवाज यायला लागला, "टीचर? टीचर?" अक्कांच्या बाजूने काहीच येईना. त्यांच्या शेजारणीला फोन केला. ती म्हणाली, गाणं संपलं, अक्कांनी चरण पुरं म्हटलं, फोन बाजूला ठेवला आणि आता पाणी पिताहेत.

म्हणजे अक्का अख्खं चरण म्हणाल्या आणि ते एकाही शिष्येला ऐकू गेलं नाही. अ‍ॅपवरचं रेकॉर्डिंगही त्याच वर्गाबरोबर बंद पडलेलं.

मी सारांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते उठतील आणि कान धरतील. ते उठले नाहीत. दुसऱ्यांच्या चुकांवर इतक्या सहज कान धरणारा माणूस हात मांडीवर ठेवून बसून राहिला. "चूक माझीच" हे शब्दही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. त्या दिवशी मीच खाली जाऊन कॉफी आणली. ती तशीच गार झाली.

मग अक्कांचा फोन आला. सारांनी तो स्पीकरवर घेतला, कदाचित एकट्याने ऐकवेना म्हणून. अक्का म्हणाल्या, "चरणास पोरी गप्प कां झाल्या रे? बरं नाही आलं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ऑपरेशनला निघायचं होतं. सार माझ्याकडे पाहत होते. मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "अस्क पोरी गप्प बसल्या, अक्का. तुझं ऐकायला."

पलीकडे खाट करकरली. मग अक्का म्हणाल्या, "असं काय," आणि हसल्या. इतकं लाजरं हसू मी म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सारांनी एकेका शिष्येला फोन केला, अक्का विचारतील तर हेच सांगा म्हणून. कुणी का म्हणून विचारलं नाही. ऑपरेशन नीट झालं आणि आवाज गेला. उरली ती फक्त कुजबुज. पुढे सारांनी दुसरा नोड जोडला आणि नियम नव्याने लिहिला. आधी तंजावूर, आणि तंजावूर नसेल तर कुठेही. लिहून झाल्यावर मला म्हणाले, "तुम्ही एकदां पाहा, मा. माझ्यावर सोडूं नका." त्यानंतर मिटिंगांमध्ये ते कुणाचीही चूक अंगावर घेईनासे झाले. काही विचारलं तर, "मज ठाऊक नाही" म्हणत. आमच्या साहेबांना ते आवडलं नाही.

पुढच्या खेपेला ते मला तिरुवैयारुला घेऊन गेले. अक्का खाटेवर बसल्या होत्या. समोर फोन, आणि त्या मांडीवर ताल धरून शिकवत होत्या. वर्ग संपल्यावर कुजबुजत मला सांगू लागल्या, "माझ्या शेवटच्या गाण्यास पोरी गायचं विसरल्या. हातांतला ताल सोडून ऐकत बसल्या. पन्नास वर्षं शिकवलं, असं कधीं झालं नव्हतं." मग भावाकडे वळून म्हणाल्या, "सांग की रे तिला." सार भिंतीकडे बघत तेच वाक्य पुन्हा म्हणाले. येणाऱ्या प्रत्येक माणसापुढे त्यांना ते म्हणावं लागत होतं. बसस्टँडवर मला सोडायला आले तेव्हा मी म्हटलं, "सार, खरं सांगून टाका. त्या रागावणार नाहीत." ते म्हणाले, "रागावली तर बरंच आहे, मा. ती रडली तर?"

पुढच्या वर्षी सार गेले. झोपेतच गेले. पुण्यात मला फोन आला तोवर सगळं आटोपलं होतं. मी ऑफिसात मिनिटभर उभी राहिले आणि पुन्हा कामाला बसले. दुसरं काय करायचं, ते सुचलं नाही.

नोड पाहायला मी अजूनही जाते. तंजावूरला गेलं की तिरुवैयारुला गेल्याशिवाय राहवत नाही. गेल्या खेपेला अक्कांकडे एक अनोळखी बाई आली होती. अक्कांनी तिला ती गोष्ट कुजबुजत सांगायला सुरुवात केली. शेवटाशी आल्या आणि सवयीने बाजूच्या खुर्चीकडे वळल्या. त्या खुर्चीवर मी बसले होते.

मी खुर्ची थोडी पुढे ओढली. म्हटलं, "हो. सगळ्याजणी तुमचं गाणं ऐकायला थांबल्या होत्या, अक्का."

अक्कांनी मान हलवली. "तसं नव्हे," त्या म्हणाल्या. "तो सांगायचा तसं सांग."

ती बाई माझ्याकडे बघत होती. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. या म्हातारीला मी कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

"अस्क पोरी गप्प बसल्या, अक्का," मी म्हटलं. "तुझं ऐकायला."