अधांतरी दांडी

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी झाडलोट करते आणि चहा देते. तिथले एक सर कशालाही टिचकी मारतात आणि थरथर थांबेपर्यंत बघत बसतात. कपाला, खिडकीच्या गजाला, एकदा माझ्या जेवणाच्या डब्यालाही. चहा रोज गार होतो.

त्यांच्या यंत्रातली दांडी कशालाच न टेकता फिरते. लोहचुंबक तिला अधांतरी धरतं. सर तिला लहान हातोडीने ठोकतात आणि पडद्यावरची रेघ बघतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "बाई, चुंबक दांडीले किती जोरानं धरते अन् तिची थरथर किती लवकर मारते, ते मोजून राह्यलो."

त्यांची नोकरी कंत्राटी. सोमवारी आकडे दिले तरच पुढचं वर्ष मिळणार होतं. शुक्रवारी वही भरली.

मी म्हटलं, "सर, दुपारी तुम्ही ठोकता तवाच मागून कोळशाचे ट्रक जातात. माह्या कपबशा वाजतात. तुमची दांडी नाई हालत?"

सर भिंतीला हात लावून उभे राहिले. "जल्मापासून चंद्रपुरात आहो. ट्रक आता ध्यानातच येत नाई." मग त्यांनी वहीच्या एकेका पानावर काट मारली.

मला वाटलं, उगाच तोंड उघडलं. कोणाला कळलं नसतं.

"सकाळी पाचले मोजतो, ट्रक सुटायच्या आधी. दार उघडून द्याल का, बाई?"

"रविवारी बी?"

"रविवारी बी."

माझे गुडघे दुखतात आणि घर लांब आहे. तसं त्यांना सांगितलं, आणि मी किल्ली घरी घेऊन गेले.