नाडीसाठी दोन्ही हात

मंडळी, दुपारी धुळ्याच्या दवाखान्यातून आलो. शेजारच्या चिंधा पारध्याला दाखवायला नेलं होतं. तरणा मुलगा गेल्यापासून तो झोपत नाही, भिंतीशी बोलतो.

कंपाउंडर लांबूनच म्हणाला, "पारधी ना? दारू उतरली की येईल ताळ्यावर. नाहीतर चौकीत द्या."

"दादा, हाऊ दारू पेस नही," चिंधाची बायको म्हणाली. "पोऱ्या मरना, तवपासून झोपस नही."

शेवटी डॉक्टर आले. "हात दे," म्हणाले. चिंधाने दोन्ही मनगटं जोडून पुढे केली, चौकीत दोरी बांधायला देतात तशी.

"एकच पुरे रे, नाडी बघायचीय."

पारध्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा गेला म्हणतात. मग मंडळी, नाडीसाठी चिंधाचा हात आजवर कोणीच कसा मागितला नाही?