सायमनची परतीची तारीख

आधीच सांगते, मला भुताखेतांत रस नाही. या फोरमवरचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचते. त्यातल्या निम्म्यांत लाइट गेलेली असते आणि उरलेल्यांत लिहिणाऱ्याला ताप असतो, हे माझं जुनं मत. माझी सगळी नोकरी डेटाबेस सांभाळण्यात गेली. कॉम्प्युटर सांगितलेलं करतो, आणि चुकलंच काही तर सांगणारा चुकलेला असतो — यावर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा देवावरही नाही. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

नव्वदीच्या शेवटाला लग्न होऊन मी वसईत राहायला आले. माहेर गुहागरकडचं, नोकरी अंधेरीला, आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीपाळखीत कॉम्प्युटरची कामं. त्यातलं एक पाचूबंदरच्या एका मच्छीमार सोसायटीचं होतं. किल्ल्याच्या पलीकडे धक्क्याला लागून बर्फाचं गोदाम, आणि गोदामाला चिकटून एका खोलीचं ऑफिस. होड्यांना डिझेल इथून मिळायचं, आणलेल्या मासळीवर टाकायला बर्फही इथूनच. कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेलं युनिक्सचं एक मशीन सेक्रेटरींनी उचलून आणलं होतं — काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्यावर डेटाबेस बसवून द्यायचा, एवढंच माझं काम.

ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी — डेटाबेस म्हणजे माहितीचे तक्ते. इथे होडीची एक फेरी म्हणजे एक ओळ. होडी कुठली, कोण गेलं, कधी गेलं, परत कधी येणार. शेवटचा रकाना सेक्रेटरींनी मुद्दाम मागून घेतला होता, म्हणजे बर्फ किती फोडून ठेवायचा याचा अंदाज येतो. त्या रकान्याला मी नियम लावला : रिकामा चालणार नाही. तारीख भरली नाही तर मशीन ती ओळ घेणारच नाही.

काउंटरवर फिलोमिना बसायची. चाळिशीची, केसांत कायम अबोली. तिचा नवरा सायमन, त्याची स्वतःची बारकी होडी. मी रकाने समजावले तेव्हा शेवटच्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "ह्या नाय जमनार, मॅडम. पान्यात जानाऱ्याला कधी येनार, असा इचारत नाय."

मला हसू आलं. आमच्याकडेही निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारलं की आई डोळे वटारायची, आणि बाबा चपला काढून परत पाच मिनिटं खुर्चीत बसायचे. पण आईला डेटाबेस चालवायचा नव्हता. मी म्हटलं, "विचारू नका हो मावशी. तुम्हीच अंदाजाने टाका. बारकी होडी असली तर त्याच दिवसाची तारीख, मोठी असली तर चार दिवस पुढची." तिला ते पटलं असावं. कुणाला काही न विचारता ती तारखा टाकू लागली आणि काम सुरळीत चाललं.

थंडीच्या सुरुवातीला सायमन गेला. सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत यायचं, नेहमीचंच. त्या दिवशी भागीदाराला ताप होता म्हणून तो एकटा निघाला, आणि आला नाही. समुद्र शांत होता. गावच्या होड्या आठवडाभर शोधत होत्या — इकडे अर्नाळा, तिकडे उत्तन. ना होडी मिळाली, ना तिची एखादी फळी.

पोलिसांना त्या फेरीचा कागद हवा होता, म्हणून सेक्रेटरींनी मला बोलावलं. मी ओळ उघडली. होडी, नाव, निघाल्याची तारीख सगळं जागेवर. परतीचा रकाना रिकामा.

मला वाटलं, कुणीतरी नियम काढला. बघितलं, तर नियम होता. मी एक खोटी फेरी घातली, तारीख न टाकता. मशीनने ती लगेच परत फेकली. मग मी फिलोमिनाला विचारलं, शक्य तितक्या हळू आवाजात, की ही ओळ कशी भरलीत.

"दुसऱ्यांचा अंदाजाने भरते," ती म्हणाली. "घरच्या मानसाचा भरायला हात नाय झाला. रिकामा ठेवला, न् बटन दाबला."

"आणि मशीनने घेतलं?"

"घेतला की. का, घेत नाय?"

ती पडद्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, "रिकामा म्हंजे काय, मॅडम? येनार नाय, असा?"

आमच्या धंद्यात रिकाम्या जागेला 'नल' म्हणतात. इंटरव्ह्यूला आलेल्या मुलांना मी हा प्रश्न हमखास विचारते आणि बहुतेक जण चुकतात. नल म्हणजे शून्य नाही. 'नाही' असंही नाही. मी तिला तेच सांगितलं, पुस्तकातलं. "मावशी, रिकामं म्हणजे 'येणार नाही' असं नव्हे. रिकामं म्हणजे, आपल्याला माहीत नाही."

"मंग ठीक," ती म्हणाली.

पुस्तकातलं वाक्य असं कुणाच्या उपयोगी पडेल हे मला कधी वाटलं नव्हतं. घरी जाताना रिक्षात मला रडू आलं. फिलोमिना काळ्या कपड्यांत दिसली नाही. फादरनी मिस्साचं, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या प्रार्थनेचं, विचारलं तेव्हा त्यांनाही म्हणे तिने हेच उत्तर दिलं — माहीत नाय.

पुढे दोन हजार साल येणार म्हणून जुनी मशीनं बंद पडण्याची हवा पसरली आणि सोसायटीने विंडोजचं नवं मशीन घेतलं. नवा डेटाबेस बसवायचा, कोरे तक्ते करायचे, नियम आधी लावायचे, मग जुन्या ओळी एकेक करून आत. सायमनची ओळ बाहेर फेकली जाणार हे मी धरूनच चालले होते. फिलोमिनाला काय सांगायचं, याचीच काळजी होती. सगळ्या ओळी बिनतक्रार आत गेल्या. सायमनचीही. रकाना रिकामा, नियम शाबूत. दुसरी रिकामी ओळ घालून बघितली, ती नाकारली.

ऑफिसातल्या एका सीनियरला विचारलं. तो म्हणाला, इंडेक्स करप्ट असेल, म्हणजे मशीनची आतली सूची बिघडली असेल, नाहीतर तारीख उलटसुलट वाचली जात असेल. दोन्ही तपासलं. काही डेटाबेस रिकाम्या तारखेच्या जागी गुपचूप शून्यं भरतात, तेही बघितलं. तसं काहीच नव्हतं. शेवटी घरच्या कॉम्प्युटरवर, मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं आणि त्यावर तिसऱ्याच बनावटीचा डेटाबेस बसवला. टळटळीत दुपार होती, गॅसवर चहा. तक्ता केला, नियम लावला, सायमनची ओळ हाताने टाइप केली. घेतली. त्याच ओळीत फक्त नाव बदलून माझं टाकलं. नाकारली.

चहा उतू गेला. खरं सांगायचं तर, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

काही वर्षांनी व्हायरसला कंटाळून सोसायटीही लिनक्सवर आली. पुन्हा तेच. फिलोमिना माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची आणि एकच विचारायची, "त्याची जागा रिकामी हाय ना?" मी हो म्हणायचे. ती "बरा" म्हणून काउंटरवर परत जायची.

सात वर्षं माणूस बेपत्ता असला की कायदा त्याला गेलेला धरतो. ती वर्षं भरली तेव्हा फिलोमिनाची मुलगी लग्नाची झाली होती. तिचं म्हणणं, आई रोज संध्याकाळी धक्क्यावर उभी असते, हे आता थांबायला हवं. रास्तच होतं. फिलोमिनाने कोर्टाच्या कागदावर सही केली. मिस्सा झाला, मीही गेले होते. दुसऱ्या दिवशी सोसायटीत ती स्वतःच म्हणाली, "भरा, मॅडम. पोरीला बोललीय मी, संपवते."

काय भरायचं? सेक्रेटरी म्हणाले, गेला तीच तारीख टाका. मी टाकली. एक ओळ बदलली, असं मशीनने सांगितलं. मी ओळ पुन्हा उघडली. रिकामी. पुन्हा टाकली, पुन्हा बदलली म्हणालं, पुन्हा रिकामी. दुसऱ्या एका होडीची तारीख बदलून बघितली, ती बरोबर बदलली. मला मशीनचा राग आला होता, त्या बाईला पुन्हा पुन्हा ते बघायला लावलं म्हणून.

फिलोमिनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे, बाय," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा बाय म्हटलं. "इचारू नको त्याला." आणि मग ती रडली, तोंडाला पदर लावून, बराच वेळ. सेक्रेटरी बाहेर निघून गेले.

यावर माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तीन मशीनं, तीन वेगळे डेटाबेस, एकमेकांशी काही नातं नाही. माझीच कुठेतरी चूक असेल असं मी अजूनही म्हणते, पण ती मला सापडलेली नाही. कुणाला सुचलं तर खाली लिहा, फक्त 'इंडेक्स करप्ट' लिहू नका.

त्या दिवशीचं एक राहिलं. डोळे पुसून झाल्यावर फिलोमिनाने विचारलं, संध्याकाळी किती होड्या यायच्यात. मी पडद्यावर बघून आकडा सांगितला. ती गोदामात गेली आणि बर्फ फोडणाऱ्यांना आकडा सांगताना तिने त्यात एक होडी जास्त धरली. त्यांनी काही न विचारता तेवढा बर्फ फोडायला घेतला. बहुतेक ती रोजच धरत असावी.