काचेतला सॅक्सोफोन

साठच्या दशकात आमच्या अमरावतीच्या वाद्यसंग्रहालयाला नवी खोली जोडली, खास जाझसाठी. सतार-वीणेच्या शेजारी हा इंग्रजी धांगडधिंगा कशाला, म्हणून समितीत कडाक्याची भांडणं झाली. मी भांडले आणि जिंकले, त्याचा मला केवढा तोरा! खोलीतला सॅक्सोफोन अकोल्याच्या एका बँडमास्तरांनी दिला होता. तरुणपणी ते नागपूरला गोऱ्यांच्या क्लबात जाझ वाजवत. पुढे वरातींत वाजवू लागले.

उद्घाटनाला त्यांना मीच पाहुणे म्हणून बोलावलं. ते आले बँडचा लाल, जरीच्या पट्ट्यांचा कोट घालून. त्यांच्याकडे चांगला कोट तेवढाच होता.

आमच्याकडे बँड मांडवाच्या दारापर्यंतच येतो. कोट पाहताच आमच्या अध्यक्षांनी दारात हात आडवा केला.

"आत भाषणं चालू आहेत. तुम्ही बाहेरच वाजवा."

मी गुलाबदाणी घेऊन शेजारीच उभी होते. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

मास्तरांनी अध्यक्षांच्या खांद्यावरून काचेच्या कपाटाकडे पाहिलं.

"कायनं वाजवू जी?" ते म्हणाले. "माहा बाजा तं तुमी आत नेऊन बसवला."